एकच भाकरी, निरनिराळे घास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळा सातवीला संपे, पुढची शाळा लांब, म्हणून बहुतेक मुलींची शाळा तेथेच सुटे. तेव्हा शिक्षणासारख्या विषयावर मी काय बोलणार, असे आपल्याला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु गेल्या दिवाळीपासून आपल्या मंडळाच्या खोलीत जो दुपारचा वर्ग चालतो, त्यात मी बसते. तो वर्ग पुढे चालू ठेवावा की बंद करावा हा प्रश्न येत्या साधारण सभेपुढे आहे. त्यावर मत देण्यापूर्वी त्या वर्गात काय चालते आणि का चालते हे सर्वांना ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने मी उभी आहे.

माझ्या विषयाला मोठे नाव द्यायचे तर असे देता येईल की, ज्या मुलाला जशी गरज तसे त्याला शिकवणे. आपल्या घरच्या भाषेत सांगते. घरात भाकरी एकच भाजली जाते. पण दात नसलेल्या सासूबाईंना ती आपण दुधात कुसकरून देतो, शाळेत जाणाऱ्याला डब्यात चतकोर करून देतो, कामावरून आलेल्या माणसाला अख्खी वाढतो आणि वर्षाच्या बाळाला मऊ पापुद्रा देतो. सासूबाईंची भाकरी कुसकरली म्हणून ती कमी प्रतीची झाली का? नाही. पीठ तेच, तवा तोच. फक्त खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून घास केला. शिकवण्याचेही तसेच आहे. धडा हलका करायचा नाही, घास बेताचा करायचा.

आता कोणी म्हणेल, ही नवी खुळे आहेत. भगिनींनो, ही नवी मुळीच नाहीत, आणि आपल्याकडे ती बहुतांशी बायकांनीच रुजवली आहेत. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, त्याच्या अध्यक्षा रमाबाई रानडे होत्या. घरसंसार सांभाळणाऱ्या प्रौढ बायकांना लहान मुलांच्या शाळेत बसवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी निराळे वर्ग निघाले. बाईला शाळेप्रमाणे बदलायला न सांगता शाळा बाईप्रमाणे बदलली.

दुसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक यांचे नाव आपण ऐकले असेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी १९१० साली जन्मलेल्या. लहानपणीच वैधव्य आलेले, पण शिकण्याचा आणि शिकवण्याचा ध्यास सुटला नाही. नंतर हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

तेथील वारली मुले शाळेत येत ना. कोणी म्हणे त्यांना शिकायची आवडच नाही, कोणी म्हणे डोकेच नाही. या दोघी बायांनी वाड्यावाड्यांवर जाऊन पाहिले, तर मुलगे गुरे राखत होते आणि मुली धाकटी भावंडे कडेवर घेऊन फिरत होत्या. यात डोक्याचा प्रश्न कोठे आला? मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. गुरांमागे मुले जात तेथे कुरणातच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर आणि बालवाडी शाळेलाच जोडली, म्हणजे ताईची कड मोकळी होऊन तिच्या हाती पाटी येईल. आणि जी मुले बालवाडीपर्यंत येत नसत त्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली. आज गावोगाव आपण जिला अंगणवाडी म्हणतो, तो शब्द आणि ती कल्पना ताराबाईंच्या या कामातून पुढे आली. मादाम माँटेसरींची शिकवण्याची साधने चांगली, पण महाग. ती कोठून आणणार? म्हणून चिंचोके, शंख-शिंपले, पाने, खडे, माती यांवरच त्यांनी मोजणे आणि रंग-आकार ओळखणे शिकवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. परंतु मला मानाहून मोलाची वाटते ती त्यांची रीत. मूल मागे का, हे आधी पाहायचे आणि मग शिकवायचे.

आता आपल्या पिंपळे सौदागरकडे वळू. पवनेकाठच्या या गावात जेथे शेते होती तेथे उंच इमारती उठल्या. हिंजवडीला कामाला जाणारी मंडळी येथे राहायला आली. त्या इमारती बांधणारे हात कर्नाटकातून, मराठवाड्यातून, बिहार-ओरिसाकडून आले. आपल्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या बायका याच कुटुंबांतल्या. त्यांची मुले पत्र्याच्या खोल्यांतून निघून शाळेत जातात, आणि घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी, फळ्यावर तिसरी अशा तिहेरी पेचात सापडतात.

एक साधा शब्द घ्या, शिक्षा. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाई वर्गात म्हणाल्या, “अभ्यास केला नाही तर शिक्षा मिळेल,” तर हिंदी घरातले मूल हसून मान डोलावणारच! त्याला आपण उद्धट म्हणायचे का?

आकड्यांचेही तसेच. आपण त्रेचाळीस म्हणतो तेव्हा तोंडाने तीन आधी येतात आणि चाळीस मागून, पण पाटीवर चार आधी लिहायचे असतात. कित्येक मुले ऐकल्याबरहुकूम चौतीस लिहून मोकळी होतात. कानडीत मात्र ‘नलवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे चाळीस आधी, तीन मागून, जसे लिहायचे तसेच. कानडी घरच्या मुलाला आपला त्रेचाळीस उलटा वाटला तर तो त्याचा मंदपणा नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनाची सोपी रीत दिली होती आणि त्यावर केवढे वादळ उठले हे आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगलाबाई नारळीकर होत्या, स्वतः मोठ्या गणिती. त्या २०२३ साली निवर्तल्या. पुष्कळांचा समज झाला की, एकवीस, बाहत्तर हे शब्दच पुसून टाकले. तसे नव्हते. जुने शब्द ठेवून जोडीला नवी रीत दिली होती, कारण काही मुलांना जोडाक्षरांच्या संख्यानामांनी गणिताचीच भीती बसते. ती रीत कोणाला पटो वा न पटो. पण संख्या समजावी म्हणून वाट वेगळी काढावी लागते, हा त्यामागचा विचार आपल्या वर्गात मला रोज पटतो. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करतो. चार जुडगे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या, म्हणजे मूल कानडी असो की हिंदी, त्रेचाळीस बरोबर लिहिते. मग नाव शिकायला वेळ लागत नाही.

आता आपला वर्ग. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीन ते साडेचार. अठरा मुले आणि आम्ही चौघी. त्यांत कोणी बी.ए., बी.एड. नाही. मग आम्ही कशाच्या बळावर शिकवतो? त्याचेही एक उदाहरण मुंबईत घडले आहे. तेथे १९९४–९५ च्या सुमारास ‘प्रथम’ ही संस्था निघाली. तिने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना दोन आठवड्यांची तयारी देऊन पालिकेच्या शाळांत पाठवले. त्यांना ‘बालसखी’ म्हणत. तिसरी-चौथीत असून ज्यांना वाचता येत नाही वा साधी बेरीज जमत नाही, अशा पंधरा-वीस मुलांना घेऊन बालसखी रोज सुमारे दोन तास बसे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ पासून मुंबई आणि वडोदरा येथे या कामाची मोजदाद केली. मुले खरोखर पुढे गेली, आणि सर्वांत अधिक फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला, असे त्यांना आढळले. त्यांतील बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, हे ऐकून आपल्याला कौतुक वाटेल. पण खरे कौतुक त्या बालसख्यांचे. पदवी नसलेल्या मुलींनी ते काम करून दाखवले.

त्यांची रीत अगदी सोपी आहे आणि आम्ही तीच धरली आहे. मूल कितवीत आहे हे आधी विचारायचे नाही. एका कागदावर अक्षरे, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग लहानशी गोष्ट लिहून ठेवायची. एकेकाला जवळ बसवून वाचायला द्यायचे. जेथे अडखळेल तेथे त्याचा गट. अक्षरांच्या गटात दुसरीचे मूल असेल आणि पाचवीचेही असेल. दर महिन्याला पुन्हा पाहायचे आणि जो पुढे गेला त्याला लगेच वरच्या गटात घ्यायचे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. गट ही पायरी आहे, पाट नव्हे. पायरीवर कोणी मुक्काम करत नाही.

आमच्या वर्गात पाचवीतली एक मुलगी येते. तिचे नाव सांगत नाही. शाळेत आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. तिची आई आपल्यातल्याच काही घरी कामाला जाते. आई सकाळी गेली की दीड वर्षाचा भाऊ हिच्याकडे. शाळेत गेल्यावर मागचा धडा चुकलेला, पुढचा कळत नाही, म्हणून गप्प बसायचे. गप्प बसते म्हणून ‘ढ’. आमच्याकडे पहिल्या दिवशी ती शब्दांच्या गटात बसली, भाऊ मांडीवर. कोसबाडची गोष्ट आम्ही वाचलेली होती. आमच्यातल्या एकीने त्या बाळाला आपल्याकडे घेतले, खोलीच्या कोपऱ्यात चटई टाकली, चार डबे-झाकणे दिली. दोन महिन्यांत मुलगी उतारा वाचू लागली. आता ती गोष्टीच्या गटात आहे आणि अक्षरांच्या गटातल्या लहानग्यांना शिकवते. आम्ही तिला नवे डोके दिले नाही. दीड तास तिची मांडी मोकळी केली, एवढेच.

पण बायांनो, काम अर्धेच झाले आहे. तिला भागाकार अजून येत नाही आणि तिची परीक्षा जवळ आली. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नसत. आता आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात उतरले नाही तर पुनर्परीक्षा, आणि तीतही नाही उतरले तर पुन्हा तीच इयत्ता. पाटाखालच्या वाटेने घसरलेली मुलगी एक वर्ष मागे राहिली की घरचे काय म्हणतील? “पुरे झाली शाळा, चल माझ्याबरोबर कामाला.” आपल्याच स्वयंपाकघरात आईच्या जागी लेक उभी राहील. वर्ग चालू ठेवावा की नाही हा प्रश्न माझ्या मते असा आहे.

वर्गावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत, त्यांना सरळ उत्तरे देते.

पहिला आक्षेप, हे शाळेचे काम आहे, आपले नव्हे. कबूल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरवले आहे. पण तीस मुले म्हणजे तीस तऱ्हा, त्यात कागदपत्रांचे ओझे. बाई सकाळी मनापासून शिकवतात तरी काही मुलांच्या तोंडापर्यंत घास पोचत नाही. आपण बाईंच्या विरुद्ध नाही. आपण त्यांचा दुसरा हात आहोत. शाळेतल्या एका बाईंनी तर कोणाला काय येत नाही याची चिठ्ठी आपण होऊन आम्हाला पाठवली.

दुसरा आक्षेप, मागे पडलेल्यांकडे पाहता पाहता हुशार मुलांचे नुकसान होते. मला असे दिसले नाही. ज्याला येते त्याला दुसऱ्याला समजावून सांगावे लागले म्हणजे त्याचे स्वतःचे पक्के होते. शिवाय पुढे असलेल्यालाही त्याचा घास हवाच. ज्याला पाढे येतात त्याला तेच पाढे दहादा लिहायला लावणे हीदेखील उपासमारच आहे. त्याला आम्ही बाजारहिशेबाची उदाहरणे घालतो.

तिसरा आक्षेप खोलीचा. हळदीकुंकू, भिशी, भजन यांना अडचण होते म्हणतात. आठवड्यात तीन दुपारी, दीड तास. सण असेल त्या दिवशी आम्ही वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेऊ. शाळा कुरणात भरली, मग आपली देवळात का भरणार नाही?

आणखी एक गोष्ट, आपल्या स्वतःच्या मुलांविषयी. ही गरज फक्त पत्र्याच्या खोलीतल्या मुलांची आहे असे समजू नका. उंच इमारतीत, सर्व सोयी असलेल्या घरातही असे मूल असते. बोलण्यात चलाख, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, ‘ब’ आणि ‘व’ सारखे दिसतात, लिहिताना काने-मात्रा गळतात. त्याला आळशी म्हणून मार बसतो. यातल्या काहींना अध्ययन अक्षमता असते, इंग्रजीत जिला डिस्लेक्सिया म्हणतात ती त्यातलीच एक. २००७ साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने ती घरोघर माहीत केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांची नोंद आहे त्यांत हिचाही समावेश आहे. योग्य तपासणी करून प्रमाणपत्र मिळाले तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तेव्हा असे काही दिसले तर लपवू नका. आधी मुलाचे डोळे आणि कान तपासा, कारण फळा न दिसणारे मूलही ‘ढ’ ठरते. मग शाळेतल्या बाईंशी बोला आणि जाणकाराकडे न्या. शेजारणीच्या मुलाशी तुलना मात्र करू नका. हाताची पाच बोटे सारखी नसतात, पण घास उचलायला पाचही लागतात.

मला ठाऊक आहे, आम्ही चौघींनी सर्व गाव सुधारणार नाही. काही मुलांचे आईबाप काम संपले की दुसऱ्या गावी जातील आणि अर्धवट शिकलेले मूल आपल्या डोळ्यांदेखत निघून जाईल. मागच्या महिन्यात दोन भाऊ तसे गेले. पण जाताना त्यांतला थोरला बसवरची पाटी मोठ्याने वाचत होता, असे त्याच्या आईने सांगितले. तेवढे त्याच्याबरोबर गेले. ते कोणी काढून घेणार नाही.

माझी मंडळाला विनंती आहे ती अशी. वर्ग निदान शाळेचे वर्ष संपेपर्यंत चालू ठेवावा. आठवड्यातून एक दुपार देणाऱ्या आणखी चार भगिनी पुढे याव्यात, म्हणजे गणिताचा निराळा गट करता येईल. शिक्षण किती झाले हे विचारले जाणार नाही. ज्यांना शिकवणे जमणार नाही त्यांनी लहान बाळांजवळ बसावे, कारण ते काम शिकवण्याइतकेच मोलाचे आहे. आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी तिला एकदा विचारावे, “तुझी मुलगी कितवीत आहे, आणि दुपारी ती कोठे असते?” तिला आपल्या वर्गाची वेळ सांगावी.

येत्या सभेत हात वर करताना आपण सर्वांनी त्या पाचवीतल्या मुलीची आठवण ठेवावी. भागाकार शिकायला तिला फार दिवस लागणार नाहीत. दहा-बारा दुपारी पुरतील, पण त्या तिला मिळाल्या पाहिजेत.